झरोक्याचं भाडं

सोपानआबांनी मला फसवलं. चिमणीच्या नावावर फसवलं आणि दिवसाढवळ्या फसवलं. दिवस मावळल्यावर आबा कुठलंच काम करत नाहीत. कुणाला फसवायचं असलं तरी उजेडातच फसवतात.

मी विलास. कामशेतहून पवनानगरकडे जाणाऱ्या रस्त्याला, बेडशाच्या फाट्याच्या अलीकडे माझं जुन्या सामानाचं आवार आहे. लोणावळ्यात एखादा जुना बंगला पाडायला काढला की त्याची दारं, खिडक्या, कठडे, फरशा मी उचलून आणतो आणि नव्या बंगलेवाल्यांना 'अँटिक' म्हणून विकतो. सुरुवात केली ती लोहगडवाडीला ट्रेकर लोकांच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून. म्हणजे कुणाच्या जिवावर मी वर आलेलो नाही. मुंबईचे बिल्डरसुद्धा माझ्या आवारातून बाहेर पडताना आधी खिसा चाचपतात, मग गाडीत बसतात. अशा माणसाला एका टकलू म्हाताऱ्यानं गुंडाळावं, हे मला अजून पचलेलं नाही.

आबा माझे शेजारी. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक बोळ आहे. म्हैस शिरली तर तिला उलट पावलीच बाहेर यावं लागतं, एवढाच तो रुंद. आबांची सगळी नोकरी रेल्वेत गेली, खंडाळ्याच्या घाटात गँगमन म्हणून. घाटात बोगद्यांना काय तोटा? हातात बत्ती घेऊन अंधारात रूळ ठोकत हयात काढली. दुसरा कुणी असता तर निवृत्त झाल्यावर देवदेव करायला लागला असता. आबांनी ऊन धरलं.

"ऊन फुकट हाय गड्या, म्हून वाया घालवायचं व्हय?" हे त्यांचं पालुपद.

सूर्याला ते 'साहेब' म्हणतात. सकाळी गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "साहेब डुटीवर आले!" साहेब कायम अप लाइनला असतात, असं त्यांचं म्हणणं. रोज पुण्याकडून निघायचं आणि मुंबईकडं जायचं. "कदी लेट बगितलंस का? सिग्नल न्हाई, इंजन न्हाई, घाटात ढकलाय मागनं कुनी न्हाई."

घराचं सगळं वेळापत्रक साहेबांच्या तालावर. सकाळचा चहा पूर्वेच्या पायरीवर. दाढी चुलीशेजारच्या खिडकीत. पेपर मधल्या घरात, कारण तिथं छपरात काचेचं कौल बसवलंय आणि त्यातून पडणारा कवडसा बरोबर पहिल्या पानावर येतो. कवडसा सरकला की आबा सरकतात. आबांच्या आधी त्यांचं मांजर सरकतं, कारण घरात अनुभवी तेच.

पाहुण्यालाही सुटका नाही. एकदा एक विमावाला आला. बसला, कागद काढले, तोच आबा म्हणाले, "उटा, हितलं ऊन गेलं." तो उठून खिडकीपाशी बसला. तिथून उठवलं. चहाचा कप हातात धरून बिचारा सगळं घर फिरला आणि शेवटी मागच्या दारी कोंबड्यांच्या डालग्याशेजारी स्थिरावला. तोवर कुणाचा विमा काढायचा होता हेच तो विसरला होता. आबा त्याला समजावत होते, "ऊन सरकतं, मग मानसानं का बसून ऱ्हायाचं?"

काळ्या रंगाशी त्यांचं वैर. मी एकदा काळा शर्ट घालून गेलो तर दारातच अडवलं. "ह्यो शर्ट उजेड पितो," म्हणाले आणि माझ्या अंगावर पांढरा पंचा टाकला. तो पंचा पांघरून मी त्यांच्याकडे चहा प्यालो. नेमका त्याच वेळी रस्त्यानं माझं एक उधारीचं गिऱ्हाईक चाललं होतं. त्याला वाटलं मी नवस फेडतोय.

भिंती चुन्यानं पांढऱ्या, कपाट पांढरं, पाट पांढरा. भिंतींवर स्टीलची ताटं ठोकलेली, उजेड इकडून तिकडे फेकायला. दाराबाहेर पाण्यानं भरलेली परात असते. तिच्यावर पडलेलं ऊन उसळून आत आढ्याला लागतं आणि सगळं छत हलल्यासारखं दिसतं. एकदा गावातलं कुत्रं ते पाणी पिऊन गेलं. आबा काठी घेऊन पार पानटपरीपर्यंत त्याच्यामागं पळाले. "माज्या आढ्याचा उजेड प्यायलं त्ये!" टपरीवरच्या लोकांनी आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग आबांकडे.

वीजबिल इतकं कमी यायचं की मीटर बघायला येणाऱ्या माणसाला संशय आला. आकडा टाकला असेल म्हणून त्यानं घर तपासायला घेतलं. आबांनी त्याचा हात धरून त्याला अंगणात नेलं आणि वर बोट दाखवलं. "ह्येची चोरी करतो. घाला ह्येला मीटर."

कुणी फारच हसायला लागलं की आबा बेडशाच्या लेण्याचा दाखला देतात. "ज्यांनी खोदलं त्यांनी तोंड पूर्वेला केलं. सकाळचं ऊन पार आत खांबांपत्तुर जातं. डोंगर फोडून मानसांनी उजेड आत घेतला, आन् तुमी दुपारी पडदं लावून बलब लावताय."

पावसाळ्यात मात्र त्यांचे हाल बघवत नाहीत. मावळातला पावसाळा म्हणजे साहेब चार महिने रजेवर. आबा दारात बसून ढगांकडे असे बघतात, जसं मी बुडव्या गिऱ्हाइकाकडे बघतो. मधेच ढग फाटून घटकाभर ऊन पडलं की घरातली सगळी ताटं घेऊन अंगणात धावतात. पाहुणा जेवत असला तर त्याच्या पुढ्यातलंसुद्धा. मी स्वतः एकदा भात हातात घेऊन बसलेलो आहे.

मला ते नेहमी टोमणा मारायचे, "शेठ, खिडक्या इकतोस आन् घरात एक न्हाई." यावर माझं उत्तर तयार असायचं. विकायचा माल घरात वापरला की धंदा बसला. माझी पुढची ओसरी दारांनी भरलेली होती आणि मागचं दार कपाटांनी अडलेलं होतं. मधल्या खोलीत आमची बाई राहते. बाई म्हणजे माझी आई, आम्ही तिला बाईच म्हणतो. त्या खोलीला आबांच्या बाजूला, पार वर, एक झरोका आहे. धंद्याला जागा लागते. यात माझं काय चुकलं हे मला कुणी सांगू नये. शिवाय एका बंद पडलेल्या हॉटेलातली ट्यूबलाइट मी बाईच्या खोलीत लावून दिली होती, तीही दणकून घासाघीस करून आणलेली.

आता सौद्याकडे येतो.

लोणावळ्याच्या एका बंगल्यातून माझ्याकडे एक आरसा आला. माणसाएवढा उंच, जाड काचेचा, शिसवी चौकटीचा. आबा आवारात शिरले, आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "शेठ, ह्यो मला दे. माजं दार घे."

आबांचं पुढचं दार! अस्सल सागवानी, पितळी कड्यांचं, त्यांच्या आज्याच्या हातचं. कित्येक वर्षं माझी त्यावर नजर होती. पण चेहरा मी तेराव्याला आल्यासारखा केला. "आबा, दार जुनं झालंय. वाळवी दिसतीये. चौकटीसकट दिलंत तर बघू." आबा म्हणाले, चौकट घे. "उंबराही लागेल." उंबरा घे. "कडी-कोयंडा?" "घे रं बाबा, खिळं बी घे."

एवढ्या सहज कुणी देऊ लागलं की माझ्या कानामागं खाजतं. पण लोभ वाईट. आबांनी फक्त एक अट घातली.

"तुज्या भिंतीतला वरचा झरोका हाय न्हवं, त्यो बुजवू नगंस. चिमनीनं घरटं केलंय."

"चिमणी?"

"अंडी हायेत. तुला पाप लागंल."

चिमणीपायी सागवानी दार सोडणारा मी नव्हे. मी शब्द दिला. आबांनी तो आवारातल्या गिऱ्हाइकांसमोर माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतला. तिथंच मला कळायला हवं होतं.

ते दार मी एका बंगलेवाल्याला विकलं. त्यानं ते आडवं करून, वर काच टाकून जेवणाचं टेबल केलं. इकडे आबांनी दाराच्या जागी जुनं धोतर टांगलं आणि मलाच सांगायला आले, "दार गेलं त्ये लय ब्येस झालं. आता पूर्वेचा उजेड थेट चुलीला लागतो." घर उघडं टाकून नफ्यात राहिलेला हा जगातला एकमेव माणूस असेल.

आरसा त्यांनी मागच्या न्हाणीच्या स्लॅबवर चढवला. जुन्या सायकलचं चाक, दोन लोखंडी पट्ट्या आणि दोरी यांच्यावर तो असा बसवला की हवा तसा फिरावा, हवा तसा कलावा. तेव्हापासून ऊन असेल त्या प्रत्येक दुपारी आबा छत्री डोक्यावर धरून, पांढऱ्या कापडाची छत्री, त्या आरशाशेजारी बसू लागले. मधून मधून उठायचे, आरसा जरा हलवायचे, पुन्हा बसायचे.

गावाला विषय मिळाला. "आबा, काय बगताय आरशात?" लोक खालून विचारायचे.

"भांग पाडतोय," आबा वरून सांगायचे.

डोक्यावर केस असते तर गोष्ट वेगळी. कुणी म्हणालं आबांना दुसरं लग्न करायचंय. कुणी म्हणालं बोगद्यातला अंधार आता बाहेर येतोय. मीही हसणाऱ्यांत होतो. आरसा माझा होता, हसायचा पहिला हक्क माझाच.

त्याच सुमारास आमच्या बाईनं पुन्हा सुई हातात घेतली. ती गोधड्या शिवायची, पण गेली दोन-तीन वर्षं तिनं सुई बाजूला ठेवली होती. दिसत नाही म्हणायची. आता रोज दुपारी शिवणकाम सुरू. मी ज्याला त्याला सांगत सुटलो की ही माझ्या ट्यूबची किमया. तशाच आणखी ट्यूबा त्या हॉटेलवाल्याकडून उचलल्या आणि याच गोष्टीच्या जोरावर आवारात विकायला ठेवल्या.

यंदा दिवाळीनंतर मी वरती खोल्या बांधायचं ठरवलं. बेडसे, लोहगड करायला येणाऱ्या ट्रेकर लोकांना उतरायला. जिना काढायला माझ्या हद्दीतल्या बोळासारखी सोयीची जागा नव्हती. जिना बोळात म्हणजे झरोका बुजणार, पण त्याला माझा नाइलाज होता. गवंडी सोमवारी येणार होते. आबांशी तंटा नको, म्हणून मी संधी बघत होतो आणि ती आयतीच आली. आबांना खोकला झाला आणि त्यांची लेक त्यांना वराळ्याला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली.

मी शिडी लावून झरोक्यात डोकावलो. एकही काडी नव्हती. पीस नव्हतं. चिमणीची एक शिटसुद्धा नव्हती. उलट झरोका आतल्या कडांपर्यंत झाडून पुसून लख्ख केलेला, वर चुना मारलेला. माझ्या भिंतीला! माझ्या झरोक्याला! माझं डोकं फिरलं. खोट्या चिमणीच्या नावावर या माणसानं माझा शब्द घेतला होता.

आतून माप घ्यावं म्हणून तणतणत मधल्या खोलीत गेलो. बाई भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर अर्धी गोधडी, हातात सुई, आणि हात थांबलेले.

"काय झालं?"

"आज बी ऊन आलं न्हाई," ती म्हणाली.

"या खोलीत ऊन कुठून येणार, बाई?"

"रोज येतं की. दुपारचं. सोपान धाडतो."

मी वर झरोक्याकडे पाहिलं, खाली तिच्या मांडीकडे पाहिलं. मग ट्यूबकडे पाहिलं. "अगं, ट्यूब लाव ना!"

"तुज्या ट्यूबमदी भिंत दिसती, इलास. सुईचं नेढं न्हाई दिसत." एवढं बोलून तिनं गोधडीवरून हात फिरवला. तेव्हा मी ती पहिल्यांदा नीट बघितली. हिरवं लुगडं, जांभळं लुगडं, एक पिवळ्या काठांचं. गंगूमावशीची लुगडी. गंगूमावशी म्हणजे आबांची बायको. ती आणि बाई माझ्या ओसरीवर बसून गोधड्या शिवायच्या, ओसरी मोकळी होती तेव्हा. मावशी गेली त्यानंतर आबांनी तिची लुगडी बाईकडे आणून दिली होती. बाईनं गोधडी धरली, पण अर्ध्यावर दिसेनासं झालं आणि बोचकं बांधून ठेवलं. आबांनी कधी त्याबद्दल विचारलं नाही. विचारलं नाही, पण स्वतःचं दार देऊन आरसा घेतला.

मला जो राग आला तो मी आजवर कुणावर काढलेला नाही. त्या भरातच आबांच्या न्हाणीवर चढलो. म्हटलं, त्या म्हाताऱ्याला जमतं ते मला जमत नाही काय?

आरसा धरून हलवला. ऊन उसळलं आणि सरळ रस्त्यावर गेलं. एका एसटीच्या ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि खिडकीतून माझ्या आईची चौकशी केली. मी घाबरून आरसा वळवला तर ऊन रानातल्या म्हशीच्या तोंडावर. ती उधळून कुणाच्या तरी वालाच्या शेतात शिरली. पुढचा झोत माझ्याच आवारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत. तो भाव न करताच निघून गेला. हेही नुकसान आबांच्याच खाती.

शेवटी उजेडाचा तुकडा बोळातून सरपटत माझ्या भिंतीवर चढला आणि झरोक्यात शिरला. आतून आवाज आला, "वर चाललंय त्ये, खाली घे. आता डोळ्यांत. मांडीव दे, मांडीव! हां, तितंच धर."

धरलं. जरा श्वास घेतो तोच पुन्हा आवाज, "सरकलं की रं! सोपान असं सरकू न्हाई देत."

ऊन सरकतं. टेकलं की सरकलं. हलवलं की पुन्हा टेकायचं. छत्री नव्हती, टाळकं तापलं होतं. खालून लोक विचारायला लागले, "विलासशेठ, काय बगताय आरशात?"

"भांग पाडतोय!" मी ओरडलो.

दोन दिवसांनी आबा परत आले. लेकीच्या फ्लॅटवर वैतागले होते. "तितं ऊन बी सोसायटीला इचारून येतं. खिडकी उगडली की दुसऱ्याची खिडकी. भर दुपारी लाइट लावून बसत्यात. बोगदा बरा, तितं निदान पलीकडचं त्वांड दिसायचं."

मी त्यांना बोळात गाठलं. "आबा, चिमणी कुठं आहे?"

"कंची चिमनी?"

"जिच्यासाठी झरोका ठेवायला लावलात!"

आबांनी विचार केला. "आं, ती व्हय. ती न्हवतीच."

"मग खोटं का बोललात?"

"खरं बोललो असतो तर तू झरोक्याचं भाडं मागितलं असतंस."

एवढं बोलून आबा टाचा उंचावून झरोक्याकडे बघायला लागले. "कडंचा चुना कुनी खरवाडला? शिडी लावलीस व्हय?" आणि माझ्यावरच डाफरून चुन्याचं डबडं आणायला गेले.

जिना मी पुढून काढला. त्यापायी ओसरी रिकामी करावी लागली. दारांची थप्पी आता आवारात ताडपत्रीखाली धूळ खाते. ओसरीवर सकाळपासून भरपूर ऊन असतं, ऐसपैस, आरशाबिरशाची गरज नाही. मी बाईला म्हटलं, इथं बस. सकाळी बसते. दुपार झाली की सुई उचलून पुन्हा मधल्या खोलीत.

गोधडीसुद्धा कधीच पुरी झाली. बाईनं ती आबांना दिली. आबांनी उन्हात धरली, हिरव्या लुगड्यावरून, जांभळ्यावरून बोट फिरवलं. मग घडी घालून परत केली. "टाकं इरळ पडल्यात. आजून एकदा फिरवाय लागंल."

मी ते टाके पाहिले आहेत. त्यातून मुंगी जाणार नाही.

"बाई, हा म्हातारा तुला फुकट राबवतोय," मी म्हणालो.

"टाकं ब्येस हायेत. त्याला बी ठावं हाय."

"मग दे ना टाकून त्याच्या घरात!"

"गोधडी घरी न्हेली तर दुपारचं त्यानं काय करायचं?" ती म्हणाली. वरून ऊन हळूच तिच्या मांडीवर येऊन टेकलं. तिनं दोरा ओवला, पहिल्या झटक्यात.

म्हणजे आता गोधडी संपणार नाही. गोधडी संपणार नाही म्हणून आरसा खाली येणार नाही, आणि आरसा वर आहे तोवर बोळ माझा असून माझा नाही. ट्यूबा पडून आहेत. रोज दुपारी माझ्या घरात, मला न विचारता, माझ्याच आरशातून ऊन सोडलं जातं, आणि दोन्ही घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना यात काही गैर वाटत नाही. चिमणी दाखवून एका शब्दाच्या माणसाचा शब्द घेतला गेला आहे. याचा जाब मला हवा आहे. उद्या नको. उद्या आबा खोकल्याचं औषध आणायला तळेगावला जाणार आहेत आणि आरशावर माझी पाळी आहे. पण परवा, भर दुपारी, त्या बोळात उभं राहून कुणीतरी मला याचं उत्तर द्यायलाच पाहिजे.